पहिल्या बाकावरची बाई

२ ऑक्टोबर, सोमवार

मॅक्सीन,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे कुणीतरी गेलं असं तुला वाटलं असणार. कुणी गेलेलं नाही. आईचं टर्की भाजायचं निळं भांडं तुझ्याकडेच आहे ना, एवढंच विचारायचं होतं. आता आईचं सगळं घरच तुझ्याकडे आहे म्हटल्यावर भांडंही तिथेच असेल.

विचारून झालं. आता पान उरलंच आहे तर सांगते.

शनिवारी सकाळी पेपर उचलायला दार उघडलं तर अंगणात पाटी. आमच्या उमेदवाराची, तारेच्या दोन पायांवर उभी केलेली. निवडणुकीच्या दिवसांत अख्ख्या मिसूरीत गवतापेक्षा पाट्या जास्त उगवतात. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, मला खोचावी लागली नाही. ड्वाइट सपाता घालून बाहेर आला, चष्मा वर करून त्याने पाटी नीट वाचली, उपटली आणि गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे ठेवून आला. मग अंडी खायला बसला.

दुपारी हार्लन स्ट्रिकर आला. हा आमचा मुख्य डीकन, चर्चच्या कारभाऱ्यांचा पुढारी. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो आणि माणसांकडेही त्याच नजरेने पाहतो, कुठला भाग झिजला आहे म्हणून.

"ब्रदर ड्वाइट, पाटी कुठे गेली?"

"गॅरेजात आहे. घेऊन जा. चांगली आहे."

"ती अंगणासाठी होती."

"माझ्या अंगणात लावायची तर मला विचारायचं होतंस."

"तुमचं अंगण?" हार्लन हसला. "गवत चर्चचं आहे, ब्रदर. तुम्ही फक्त कापता."

हे खरंच आहे. घर चर्चचं, छप्पर चर्चचं, मी ज्या शेगडीवर गेली एकोणीस वर्षं कॉफी करते तीही चर्चची. ड्वाइटसारख्या पाळकाच्या नावावर काय असतं, तर थडग्याची जागा, तीसुद्धा चर्चने दिली तर.

"तुम्ही त्याला मत देणार नाही का?" हार्लनने विचारलं.

"देणार आहे. कुणालाही सांग."

"मग अडलं कुठे?"

ड्वाइट म्हणाला, "हार्लन, या दारावर लोक मुलगा अपघातात गेला हे सांगायला येतात. नवऱ्याने मारलं हे सांगायला येतात. एखाद्याने पाटी वाचून फाटकातूनच परत जावं, हे मला नको आहे."

"परत जाणाऱ्यांची तुम्हाला जास्त काळजी. आम्ही इथेच आहोत त्याचं काय?"

असं म्हणून तो निघून गेला. पाटी गॅरेजातच राहिली. मी ड्वाइटला म्हटलं, एका पाटीने काय बिघडलं असतं? तो म्हणाला, "नेल्डा, आधी पाटी, मग मतपत्रिका दाखवायला घेऊन ये म्हणतील." मी म्हटलं, मग घेऊन जा, तुझी बरोबरच भरलेली असेल. तो हसला नाही.

भांड्याचं कळव.

नेल्डा


११ ऑक्टोबर, बुधवार

मॅक्सीन,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, भांडं ठेव.

रविवारी हार्लनने चर्चच्या दारात चकचकीत पत्रकं वाटली. एका बाजूला आमच्या उमेदवाराचा फोटो, दुसऱ्या बाजूला तुझ्या उमेदवाराचा. आमच्याचा उन्हातला, तुझ्याचा शिंकताना काढल्यासारखा. खाली प्रश्न: गर्भातलं बाळ, लग्न कुणाचं कुणाशी, शाळेतली प्रार्थना, मुलींच्या शर्यतीत कोण धावणार. आमच्याच्या नावापुढे सगळीकडे हिरवी खूण, तुझ्याच्या नावापुढे लाल फुली. मी ते नीट वाचलं. माझ्याही खुणा त्याच रकान्यात पडतात, हे तुला सांगायला नको. चार वर्षांपूर्वी त्या जेवणाला टर्की कोरडी झाली म्हणून आपण दोघी पाय आपटत उठलो नव्हतो.

ड्वाइटने पत्रकं थांबवली नाहीत. पण प्रार्थनेच्या वेळी हार्लन उठून म्हणाला, "ब्रदर ड्वाइट, देवाने निवडलेल्या माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना करा." ड्वाइटने दोघांचीही नावं घेतली. दोघांना शहाणपण दे म्हणाला. मी पहिल्या बाकावर डोळे मिटून बसले होते, आणि मागून एकही "आमेन" आला नाही. बॅप्टिस्ट चर्चमध्ये आमेन न येणं म्हणजे काय, हे तू विसरली असशील, पण आठवून बघ.

आता भांड्यांचं सांगते. आईचं निळं भांडं सोड, माझी बाकीची सगळी भांडी परत आली आहेत. सामुदायिक जेवणं, बाळंतपणं, मयतं, प्रत्येक ठिकाणी मी कॅसरोल, म्हणजे भट्टीत भाजलेलं जेवण, काचेच्या भांड्यातून नेत आले, तळाला चिकटपट्टीवर "नेल्डा" लिहून. काही भांडी कुणाकडे आहेत हे मी विसरूनही गेले होते. या आठवड्यात ती एकेक करून दाराबाहेरच्या ओट्यावर आली. बेल न वाजवता. लख्ख घासलेली, आणि रिकामी. इकडे कुणी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही, निदान चार बिस्किटं तरी असतात. सोमवारी मी दार उघडायच्या आधी पडद्याआडून पाहिलं आणि ओट्यावर तीन भांडी होती. मी पडदा सोडला आणि दार उघडलंच नाही. तू हसशील. रिकाम्या काचेच्या भांड्यांना घाबरणारी बाई.

आणि प्रार्थना-साखळी. ती अजून फोनवरच चालते. कुणाला काही झालं की हार्लनची बायको फोन करते वांडाला, वांडा मला, मी पुढच्या घरी. अर्ध्या तासात सगळं गाव गुडघ्यांवर, आणि सगळ्या गावाला बातमीही. काल दुकानात पुढच्या घरची बाई भेटली, मला पाहून गोंधळली आणि म्हणाली, "आम्ही सगळे सकाळपासून प्रार्थना करतोय हं." मी विचारलं, कुणासाठी? ती टोमॅटो निवडायला लागली.

साखळी मला वगळून पुढे गेली होती. प्रार्थना आमच्यासाठी होती.

वांडाला मी फोन केला. एकोणीस वर्षांची मैत्रीण आहे माझी. तिचं गर्भाशय काढलं तेव्हा तिची मुलं मी सांभाळली.

"वांडा, मला फोन नाही केलास."

"अगं, तुझ्यासाठीच होती ना प्रार्थना. तुलाच कसा करणार?"

"काय मागितलंत?"

"ब्रदर ड्वाइटचे डोळे उघडावेत." मग म्हणाली, "आणि तुला बळ मिळावं. तुझं मन आम्हाला माहीत आहे, नेल्डा. तू आमच्यातलीच आहेस."

मी थँक्यू म्हटलं. फोन ठेवला आणि मागच्या दाराला कडी लावली. दुपारी दोन वाजता. या घराच्या मागच्या दाराला कडी आहे हेच मला नीट माहीत नव्हतं, इतकी ती गंजलेली होती.

तुला काय सांगू, ज्यांच्याशी आपलं पटत नाही त्यांची भीती वाटणं सोपं असतं. माझं यांच्याशी सगळं पटतं.

नेल्डा


१९ ऑक्टोबर, गुरुवार

मॅक्सीन,

तुझं कार्ड मिळालं. "भांडं आहे. तू कशी आहेस?" चार वर्षांनी पाच शब्द. घाईत लिहिलेलं दिसतं.

मी कशी आहे? काल डीकन मंडळी घरी आली होती. कोच चर्चचाच, तेव्हा बसा म्हणायची गरज नव्हती. मी कॉफी दिली. एकानेही कप उचलला नाही, आणि मॅक्सीन, बॅप्टिस्ट डीकन फुकटची कॉफी सोडतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

हार्लन म्हणाला, "ब्रदर, मतदानाच्या आधीच्या रविवारी तुम्ही मंचावरून एक वाक्य बोलायचं. ख्रिस्ती माणूस दुसऱ्या कुणाला मत देऊ शकत नाही. एवढंच. मग पाटी विसरू, प्रार्थनाही विसरू."

"मी स्वतः दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण देऊ शकत नाही, असं शास्त्रात कुठे आहे ते दाखव."

"देव राजे नेमतो, हे आहे ना? शौल राजाला अभिषेक केलाच होता."

"केला होता," ड्वाइट म्हणाला. "पुढे देवानेच त्याला टाकलं, ते वाचलंस का?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी घाम फुटला. कारण हार्लनही हसला. हसत हसत त्याने सांगितलं की येत्या बुधवारी, पंचवीस तारखेला, सभासदांची सभा आहे. विषय एकच, पाळक ठेवायचा की नाही. अर्ध्याहून जास्त लोक नको म्हणाले तर आम्ही घर मोकळं करायचं.

ते गेल्यावर मी ड्वाइटवर ओरडले. एक वाक्य, ड्वाइट. तू रोज जेवणाआधी त्याहून मोठी वाक्यं बोलतोस. तू त्रेसष्ट वर्षांचा आहेस, तुला रक्तदाब आहे, आपल्या नावावर खिळासुद्धा नाही. जी गोष्ट तुला पटते ती बोलायला तुझी जीभ का झडते?

तो म्हणाला, "मला पटते ती गोष्ट वेगळी, नेल्डा. ज्यांना पटत नाही ते देवाचे नाहीत, असं त्यांना म्हणायला हवंय. मग मॅक्सीन कुणाची?"

तुझं नाव त्याने घेतलं म्हणून लिहिते आहे. हुरळून जाऊ नकोस.

आजकाल एक पांढरा पिकअप रस्त्यावरून हळू जातो. दिवसाच जातो, लपूनछपून नाही. घरासमोर आला की आणखी हळू होतो. आतला माणूस हातही हलवतो. मी ओळखते त्याला, त्याच्या मुलीला मी पियानो शिकवला. मीही हात हलवते, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओटा धरून उभी राहते.

आईची मागची खोली तू अजून शिवणकामाला वापरतेस का? सहज विचारते आहे.

नेल्डा


२५ ऑक्टोबर, बुधवार सकाळ

मॅक्सीन,

सभा आज आहे. पाव करायला घेतला आणि मीठ घातलं का नाही तेच आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. ड्वाइटने सगळा खाल्ला.

सभासद म्हणून मलाही मत आहे. पाळकाला बाहेर बसवतात, पाळकाच्या बायकोला नाही. आतापर्यंत या नियमाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ड्वाइट म्हणाला, नको वाटलं तर येऊ नकोस. मी म्हटलं, येणार, आणि माझ्या जागेवर बसणार.

मला कशाची भीती वाटते ते नीट सांगता येत नाही. घराची वाटते, ते आहेच. पण रात्रीपासून मनात येतंय की हार्लन बरोबर असला तर? इतकी माणसं, सगळी देवाला भिणारी, आणि एकटा माझा नवरा. बायबलमध्ये असं दोन्ही प्रकारे घडलेलं आहे. कधी तो एकटा संदेष्टा असतो, कधी तो एकटा गाढव असतो.

नेल्डा


२८ ऑक्टोबर, शनिवार

मॅक्सीन,

संपलं. नको म्हणणारे खूप जास्त निघाले, जवळपासही नव्हतं. आभाराचा ठराव झाला, त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. महिनाभर राहा म्हणाले, पण ड्वाइट म्हणतो, निवडणूक झाली की निघू.

कुठे, ते त्याला माहीत नाही. मला तुझं कालचं कार्ड मिळालं. "मागची खोली रिकामी आहे. मांजर पलंगावर झोपतं, ते हलणार नाही." मी ते वाचून न्हाणीघरात नळ सोडून बसले होते.

ड्वाइट बरा आहे. बरा म्हणजे इतका बरा की मला सहन होत नाही. पुस्तकं खोक्यांत भरताना शीळ घालतो. बहिणीला फोनवर सांगत होता, "घर गेलं, चर्च गेलं, पण मी काय पाहिलं माहीत आहे? माझी बायको सगळ्या गावासमोर उभी राहिली."

त्याबद्दल नंतर लिहीन.

नेल्डा


८ नोव्हेंबर, बुधवार

मॅक्सीन,

निकाल तुला कळला आहे, तेव्हा आज तू कुणाशी बोलत नसणार. आम्ही काल मत दिलं. अग्निशमन केंद्रातली रांग, पुढे हार्लन, मागे ड्वाइट, त्याच्या मागे मी. तिघांनी एकाच नावावर खूण केली. बाहेर पडताना हार्लनने ड्वाइटशी हात मिळवला, ड्वाइटने मिळवू दिला. ज्या एका गोष्टीवर या दोघांचं एकमत होतं त्याच गोष्टीसाठी माझं घर गेलं. यावर तुला चार दिवस हसता येईल. मी घरी आले की हस, आत्ता नको.

आता सभेचं सांगते. शनिवारी आम्ही तुझ्या दारात उभे असू आणि त्याआधी तुला हे माहीत असायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

ड्वाइटला लहान मुलांच्या खोलीत बसवलं होतं. तिच्या दाराला हातभर लांब, चिंचोळी काच आहे. त्यातून पहिल्या बाकाचा डावा कोपरा दिसतो, बाकी काही नाही. तो कोपरा माझा आहे. आतला हीटर गुरगुरतो, त्यामुळे आवाज काही ऐकू जात नाही.

आमच्याकडे मत उभं राहून देतात. आधी "बाजूने" म्हणणारे उभे राहतात, मग "विरोधात" म्हणणारे. कायमची रीत आहे. त्या दिवशी हार्लनने उलटं केलं. म्हणाला, "ज्यांना पाळकाची जागा रिकामी व्हावी असं वाटतं, त्यांनी आधी उभं राहावं." का, ते कळायला ट्रॅक्टरचे भाग विकावे लागत नाहीत. आधी सगळे उभे राहिले की नंतर उभं राहायला उरतो कोण?

पहिल्या बाकावरून मागचं काही दिसत नाही. पाळकाची बायको मागे वळून बघत नाही, तिच्याकडे लोक बघतात. त्यामुळे कधी उठायचं हे मी कानांनी ठरवते. मागे बाकं करकरली, कपडे सळसळले की उठायचं. गाण्याला, वचनाला, आशीर्वादाला, एकोणीस वर्षं असंच.

बाकं करकरली. मी उठले.

मला कळलं तेव्हा मी सरळ उभी होते, हात पोटाशी, जसे गाण्याच्या वेळी असतात. समोर हार्लन माझ्याकडे बघत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला काय करावं ते सुचत नव्हतं. त्याच्या बाजूला मोजणारा होता. त्याने माझ्याकडे बघून बोट हलवलं. मोजली मला.

बसायला हवं होतं. एवढंच करायचं होतं, गुडघे वाकवायचे. तेवढ्यात मागून वांडाचा हात खांद्यावर आला. ऊबदार, जड. तिने खांदा दाबला आणि कानाशी म्हणाली, "शाबास, बाई."

मॅक्सीन, महिनाभर मी पडद्याआडून बघत होते. कड्या लावत होते, फोन वाजला की दचकत होते. तो हात खांद्यावर पडला आणि सगळी भीती गेली. दिवा घालवावा तशी. मी परत त्यांच्यातली झाले होते. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी उभीच राहिले.

मग हार्लन म्हणाला, "आता पाळकांच्या बाजूने." मागे पाच-सात जण उठल्याचा आवाज आला, फार थोडा. मी उठू शकत होते. दोनदा उभी राहिलेली बाई म्हणून लोक हसले असते, मत बाद झालं असतं, पण उठता आलं असतं. वांडाचा हात तिथेच होता. मी बसून राहिले.

माझ्या मताने काही बदललं नसतं. हे मी रोज स्वतःला सांगते. खरंही आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

ड्वाइटने काचेतून एवढंच पाहिलं: पहिल्या वेळी मी उभी, दुसऱ्या वेळी मी बसलेली. रीत उलटी केली हे त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्याच्या लेखी मी त्याच्या बाजूने उभी होते. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा, मॅक्सीन, लग्नात नव्हता असा. म्हणाला, "मला बाकीचं काही दिसलं नाही. तू दिसलीस." आणि मी म्हटलं, चल, थंडी आहे.

वांडा काल निरोप द्यायला आली होती. भांडं घेऊन, भरलेलं. जाताना दारात हळूच म्हणाली, "आमच्यापैकी कुणी त्याला काही बोलणार नाही. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय." सगळ्यांनी. म्हणजे तेही फोनवरून घरोघरी गेलं असणार, आणि या वेळी मला वगळून नाही, माझ्यासाठी. इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी घाबरवलं नव्हतं.

मी आठवड्यात तीनदा त्याला सांगायला गेले. एकदा तो मोजे दुमडत होता. एकदा गाडीत. एकदा तो प्रार्थना करत होता, मोठ्याने, आणि माझ्यासाठी आभार मानत होता. त्याच्याकडे आता तेवढंच उरलंय. ते काढून घेतलं तर तो उभा कशावर राहील? आणि नाही काढलं, तर मी रोज त्याच्यासमोर बसून जेवायचं कसं? मुद्दाम उठले की पाय आपोआप उठले, असं त्याने विचारलं तर काय सांगू? मलाच ठाऊक नाही. ती पाटी मला आवडली होती, हे तर तुला पहिल्याच पत्रात लिहिलं आहे.

शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचू. तो थकलेला असेल, पण जेवताना तो तुला ही गोष्ट सांगणार, अगदी पहिल्या घासाला. सगळ्यांना सांगतो. बायको कशी उभी राहिली ते, हातवारे करून.

तो सांगायला लागला की तू त्याच्याकडे बघ. बटाटे वाढ, मांजराला हाकल, काहीही कर. लहानपणापासून मी खोटं बोलले की तुला माझ्या तोंडावरून कळतं. म्हणून सांगते, त्या वेळी माझ्याकडे बघू नकोस.

नेल्डा